दोन गाण्यांमधले नऊ सेकंद

धुळ्यातल्या माझ्या दुकानात काउंटरच्या मागे मी स्वतः रंगवलेली एक पाटी होती. ‘व्हिडिओ कॅसेट उन्हात वाळत घालू नये.’ पुण्या-नाशिकचे पाहुणे ती वाचून हसायचे. त्यांना वाटायचं, दुकानदार विनोदी दिसतो. मी विनोदी नाही, हवं तर माझ्या बायकोला, मंदाला विचारा. ती पाटी मी रागाच्या भरात लिहिली होती, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता.

आमच्याकडे मे महिना लागला की घरातलं सगळं गच्चीवर जातं. ज्वारीचे बिबडे, पापड, शेवया, वर्षाची मिरची, डाळी, गोधड्या. उन्हाने कीड मरते, कुबट वास जातो, वस्तू टिकते, हे खानदेशातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. मग कपाटातल्या लग्नाच्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती काय करणार? जुन्या लुगड्यावर बिबड्यांच्या शेजारी कॅसेटही मांडते आणि कावळ्यांना भिववायला वर काळं फडकं बांधते. धुळ्याचं ऊन बिबड्याला मानवतं, कॅसेटला मानवत नाही. संध्याकाळी ती खाली येते तेव्हा तिचं प्लास्टिक वाकलेलं असतं आणि आतली फीत कडेने आखडलेली असते. बाईचा हेतू चांगला असतो, म्हणून तिला रागावताही येत नाही. मी पाटीवर भागवलं.

मी मुळात फोटोग्राफर. शहाऐंशीच्या सुमाराला खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा आला आणि धुळे, शिरपूर, साक्री, शिंदखेडा या पट्ट्यातली लग्नं मी शूट करायला लागलो. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा धंदा उलटा फिरला. लग्नं शूट करायला नवे लोक आले, माझे गुडघे बोलायला लागले, आणि मी खुर्चीत बसून जुन्या कॅसेटच्या सीड्या करून द्यायला लागलो. घरोघरचे व्हीसीआर बंद पडत होते, ते दुरुस्त करणारे मोबाइलच्या दुकानांकडे वळायच्या बेतात होते, आणि प्रत्येक कपाटात दोन-चार लग्नं, एखादं बारसं, एखादी साठीशांत अडकून पडली होती.

लोकांना वाटायचं, कॅसेट या बाजूने घातली की त्या बाजूने सीडी पडते, चरकातल्या उसासारखी. तसं नसतं. तीन तासांची कॅसेट संगणकात घ्यायला तीन तासच लागतात. एका बाजूला व्हीसीआर, दुसऱ्या बाजूला संगणक, मध्ये तीन वायरी आणि खुर्चीत मी. चित्र फाटलं, आवाज बसला की उठून बटणं फिरवायची. मग संगणक ते चित्र दाबून लहान करणार, त्याला आणखी अर्धा दिवस. एका सीडीत सव्वा तासाच्या आतबाहेर मावतं, म्हणून एका लग्नाच्या तीन सीड्या. सीडी लिहिली जात असताना लाइट गेली की ती सीडी कपाखाली ठेवायच्या लायकीची. आमच्या घरात बराच काळ बशी दिसत नव्हती, सगळे कप सीडीवर असायचे.

या कामात गिऱ्हाइकं मात्र नमुनेदार मिळाली. जळगावचे एक कापडाचे व्यापारी होते, मोतीशेठ म्हणू. पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घराणं. ते एक पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या चार कॅसेट, प्रत्येक कॅसेट मलमलमध्ये गुंडाळलेली आणि डांबराच्या गोळ्यांत पुरलेली. वासाने माझे डोळे चुरचुरले.

“सीडी बनवा,” ते म्हणाले, “पण बड़े भाईसाब जिथे जिथे दिसतील ना, तिथून त्यांना काढून टाका.”

दोघा भावांचं दुकान वेगळं झालं होतं, हे मला नंतर कळलं. मी आधी कॅसेट लावून पाहिली. आता लग्नात थोरला भाऊ कुठे नसतो? घोड्याचा लगाम त्याच्या हातात, तोरणाशी तो, फेऱ्यांना तो, पंक्तीत वाढायला तो.

“शेठजी,” मी म्हटलं, “ते गेले तर घोडा राहील आणि बँड राहील. तुम्हीसुद्धा फार ठिकाणी राहणार नाही.”

“राहू द्या घोडा. घोड्याशी भांडण नाही.”

मी इमानेइतबारे काटछाट केली आणि चार कॅसेटची एक सीडी झाली. पुढे आठ-नऊ महिन्यांनी मोतीशेठ पुन्हा दारात. या वेळी शेजारी उंच, टोपीवाले, कॅसेटमध्ये मी शंभर वेळा पाहिलेले बड़े भाईसाब. भाचीच्या लग्नात दोघांचं मिटलं होतं.

“वापस टाकता येतील का हो यांना?” मोतीशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी कपाटातून अखंड लग्नाच्या सीड्यांचा संच काढून समोर ठेवला. तो मी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता. थोरले भाऊ हसून म्हणाले, “मोती, मला काढायला तुला माणूससुद्धा धड मिळाला नाही.” मूळ कधी पुसायचं नाही, हा तेव्हा माझा नियम झाला होता. तो नियम मला शहाणपणातून सुचलेला नव्हता. तो मला चाळीसगावच्या सुशीलाताईंनी शिकवला, आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसलोय ते त्यांच्यासाठीच.

त्याआधी माझी एक जुनी कर्तबगारी सांगायला हवी. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास लग्नाची कॅसेट ‘बनवायची’ असायची. नुसती शूट केलेली कोणी घेत नसे. घरी दोन व्हीसीआर, एक टेपरेकॉर्डर आणि दोन बटणांची एक पेटी. एका बटणावर मांडवातला खरा आवाज, दुसऱ्यावर सिनेमाची गाणी. चित्र एका व्हीसीआरमधून दुसऱ्यात जाताना मी खरा आवाज पार खाली करायचो आणि गाणं वर चढवायचो. हळदीला एक गाणं, वरातीला एक, पाठवणीला रडवणारं एक. मंगलाष्टकं तेवढी खरी ठेवायची. बाकी बायकांची गाणी, मांडवातली बडबड, हाका, हसणं, सगळ्यावर मी गाणी पांघरली. लोक खूश होते. ‘अगदी पिक्चरसारखं झालं’ म्हणायचे आणि मीही कॉलर ताठ करायचो.

मूळ कॅसेटचं काय? ती पुढच्या लग्नात पुन्हा भरायची. कॅसेट महाग, आणि ज्या गोंगाटाला कोणी विचारत नव्हतं तो जपून करायचं काय, असा आमचा सगळ्यांचाच हिशेब होता.

या कामात माझी एक कायमची लाज होती. माझ्याकडे टेपरेकॉर्डर एकच. गाण्यांची कॅसेट एका बाजूने संपली की ती काढून उलटी घालेपर्यंत काही सेकंद जायचे. तेवढ्यात टीव्ही मुका झाला तर लोकांना वाटायचं सेट बिघडला. म्हणून तेवढ्यापुरतं मी खऱ्या आवाजाचं बटण वर करायचो. मांडवातला गोंगाट भसकन यायचा आणि नवं गाणं लागलं की पुन्हा बुडायचा. दोन टेपरेकॉर्डर असलेल्या माझ्या एका स्पर्धकाच्या कॅसेटमध्ये असं होत नसे. गिऱ्हाइकं मला तोंडावर ऐकवायची, “मध्येच गाणं तुटतं तुमचं.” मला ते फार लागायचं.

नव्याण्णवच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, चाळीसगावहून येणाऱ्या पॅसेंजरने उतरून, एक बाई दुकानात आल्या. पस्तिशीच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, बोलणं मोजकं. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि टॉवेलातून कॅसेट. ती बघताच काय झालंय ते मला कळलं. एका कोपऱ्यात प्लास्टिकवर जिरं चिकटलेलं होतं.

“बिबड्यांजवळ ठेवली होती?” मी म्हटलं.

“बुरशी होती हो त्याच्यावर. मला वाटलं, ऊन दाखवलं तर जाईल.” त्यांचा चेहरा उतरला. “चूक झाली माझी. पण एक सांगते, चित्र नाही आलं तरी चालेल. आवाज पाहिजे मला.”

त्यांचे वडील, आबा, पाच वर्षांपूर्वी गेले होते. शिंदखेड्याकडच्या एका गावी शेती, गावातल्या प्रत्येक कार्यात पुढे. फोटो भरपूर होते, पण आवाज कुठेच नव्हता. आणि आई, जिला सगळे आक्का म्हणत, तिचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते.

“आक्काला फोटोचा काय उपयोग?” सुशीलाताई म्हणाल्या. “ती म्हणते, आबांचा आवाज मला आता आठवत नाही. रात्रंदिवस आठवायला बघते आणि भलत्याच कोणाचा आठवतो. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आबा पंक्तीत फिरताना बोलताहेत, हे मला पक्कं आठवतंय. हात जोडून प्रत्येकाशी बोलताहेत. तेवढं काढून द्या.”

मी कॅसेट उलटी केली. पाठीवरची चिठ्ठी उन्हाने पिवळी पडली होती, पण त्यावरची अक्षरं माझी होती. मी ज्या पद्धतीने ‘शुभविवाह’ला शेपटी काढायचो ती शेपटीसुद्धा होती.

सुशीलाताईंनी मला ओळखलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर केस होते आणि नवरीला कॅमेरावाल्याकडे बघायला वेळ नसतो. त्यांनी विचारलं, “ज्याने हे शूटिंग केलं त्याच्याकडे मूळ कॅसेट असेल का हो?”

“नसणार,” मी म्हटलं. “तेव्हा कोणी ठेवत नव्हतं.”

एवढंच म्हटलं. ते शूटिंग मी केलं आणि तुमच्या वडिलांच्या आवाजावर गाणी मी घातली, हे सांगायला तोंड उघडलं नाही. आठ दिवसांनी फोन करतो म्हणालो. त्यांनी शेजाऱ्यांचा नंबर दिला आणि गेल्या.

आमचं घर दुकानाच्या मागेच. मंदाने सगळं आतून ऐकलं होतं.

“अहो, खरं सांगायचं ना तिला.”

“काय सांगू? की काही नाही त्यात म्हणून?”

“काही नाही त्यात?”

मी विचार केला. तीन तासांच्या कॅसेटमध्ये मी गाण्यांची बाजू पाच-सहा वेळा तरी बदलली असणार. म्हणजे पाच-सहा ठिकाणी काही सेकंद मांडव उघडा राहिला असणार. त्यातला एखादा तुकडा पंक्तीत पडला असेल तर? पडला असला तरी त्या क्षणी आबा कॅमेऱ्याजवळ असतील तर? जवळ असले तरी बोलत असतील तर? तरीही मी ठरवलं, ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. मग दुकानातली बाकी कामं पडून राहिली तरी चालतील.

आता अडचण काय होती ते सांगतो. अशा कॅसेटमध्ये चित्र फितीच्या मधल्या भागात असतं आणि आवाज वरच्या काठाला, एका बारीक पट्टीत. एरवी चित्र आधी बिघडतं आणि आवाज टिकतो. उन्हात मात्र प्लास्टिक वाकतं, त्याला टेकलेला काठ आखडतो, आणि या कॅसेटचा आखडलेला काठ नेमका वरचा होता. सुशीलाताईंना जे हवं होतं त्याच्यावरच ऊन पडलं होतं.

मी एका कोऱ्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिची फीत फेकून दिली. सुशीलाताईंच्या कॅसेटची दोन्ही रिळं अलगद उचलून त्या सरळ खोक्यात बसवली. मग बुरशी. ती मशीनमध्ये गेली की चित्र वाचणारं हेड बाद होतं, शिवाय फितीलाही ओरखडे पडतात. म्हणून हाताने पुसायची. मंदाने तिची एक जुनी मऊ सुती साडी फाडली. मी रीळ बोटाने फिरवायचो आणि ती स्पिरिट लावलेल्या फडक्याच्या घडीतून फीत ओढून घ्यायची, वीतवीत. जिथे काठ चुरगळला असेल तिथे ती थांबून अंगठ्याने दाबून सरळ करायची. शेवया करणारी बोटं तिची, माझ्या बोटांनी ते झालं नसतं. दोनशेचाळीस मीटरच्या वर फीत असते. आम्हाला पूर्ण चार दिवस लागले आणि दोघांच्याही मानांनी असहकार पुकारला.

पाचव्या दिवशी सकाळी मी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, संगणक लावला, शिवाय टेपरेकॉर्डरही जोडून ठेवला. चित्र आलं. पांढऱ्या रेघांच्या मागे माझी थर्माकोलची अक्षरं, त्यावर माझंच लाडकं गाणं. मी ते गाणं एवढ्या चढ्या आवाजात घातलं होतं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पहिली फट हळदीत आली. पाच सेकंद बायका अहिराणी गाणं म्हणत होत्या, त्यात कोणीतरी खळखळून हसलं आणि वर माझं पुढचं सिनेमाचं गाणं चढलं. दुसरी फट वरातीत, नुसता बँड. तिसरी मुहूर्ताच्या आधी, माइकची शिट्टी. मंगलाष्टकं पूर्ण, पण तेव्हा वधूपिता हात जोडून गप्प उभा. मग पंगत सुरू झाली. पत्रावळी, बट्टी, वरण, वांग्याची भाजी. पांढऱ्या फेट्यातला एक उंच माणूस वाकून वाकून प्रत्येकाला काहीतरी सांगत येत होता. ओठ हलत होते आणि वर सनई आणि सतार वाजत होती. आबा हेच असणार. ते कॅमेऱ्याच्या दिशेने येत होते.

तेवढ्यात लाइट गेली.

ज्यांनी व्हीसीआर फक्त वापरलाय त्यांना यातली भीती कळणार नाही. चालू असताना फीत कॅसेटमधून बाहेर ओढलेली असते आणि आत एका गोल ढोलाला गुंडाळलेली असते. वीज गेली की ती तिथेच अडकते. लाइट आल्यावर मशीन तिला धसकन आत ओढतं. चांगली फीत ते सोसते, आमची सोसली नसती. आणि अडकली होती ती नेमक्या पंक्तीत. मी वायर उपटली, वरचं झाकण काढलं आणि बॅटरीच्या उजेडात मोटारीचं लहान चाक बोटाने उलटं फिरवायला बसलो. एका फेऱ्यात फीत तांदळाच्या दाण्याएवढी मागे यायची. मंदा पुठ्ठ्याने वारा घालत होती, माझा घाम फितीवर पडू नये म्हणून. दोन तासांनी कॅसेट सुटून हातात आली.

“आता पुरे,” मंदा म्हणाली. “ओढाताणीने तुटेल ती.”

“एकदा आणखी वाजेल,” मी म्हटलं. “एकदाच.”

लाइटवर माझा भरवसा उरला नव्हता. मांडववाल्या मित्राकडे गेलो आणि त्याचा जनरेटर मागितला. लग्नाची तारीख नव्हती, त्यामुळे तो मोकळा होता. “कोणाचं लग्न आहे?” त्याने विचारलं. “झालंय,” मी म्हटलं, “अकरा वर्षांपूर्वी.” त्याने जनरेटर हातगाडीवर घालून पाठवला. तो गल्लीत धडधडायला लागला तेव्हा शेजाऱ्यांनी काय काय म्हटलं ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही.

कॅसेट पंक्तीच्या थोडी आधीपासून लावली. फेटेवाले आबा वाकत वाकत पुढे आले. कॅमेऱ्यापासून चार हातांवर आले. थेट माझ्याकडे, म्हणजे आता पडद्यातून, बघितलं. आणि गाण्यांची कॅसेट संपली.

सनई तुटली. मांडव उघडला. भांड्यांचा आवाज, पोरांची रड, आणि त्या सगळ्यावरून एक भारदस्त, किंचित घोगरा आवाज. नऊ सेकंद. मग पुढचं गाणं लागलं आणि आवाज बुडाला. लगेच चित्रही तुटलं. पुढचं चित्र सुरू झालं तेव्हा पंक्ती उठलेल्या, पत्रावळी गोळा होत होत्या आणि मांडवाच्या खांबांच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

मी कॅसेट बाहेर काढली. संगणकात ते नऊ सेकंद सुखरूप आले होते. पुन्हा पुन्हा लावून ऐकले. मंदा पदर तोंडाला लावून उभी होती.

सुशीलाताईंना फोन केला आणि आक्कांना घेऊन या म्हणालो. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आक्का ठेंगण्या, नऊवारी, मोठं कुंकू. लेकीच्या दंडाला धरून त्या पायरी चढल्या. मंदाने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मी लावायच्या आधीच उभा राहिलो.

“आक्का, ताई, आधी एक सांगायचंय. हे शूटिंग माझंच होतं. आबा बोलत होते आणि त्याच्यावर गाणी मी घातली. मूळ कॅसेट मी दुसऱ्या लग्नात भरली. त्या दिवशी हे सांगायला मला लाज वाटली. आता फक्त नऊ सेकंद मिळालेत, तेही मला गाणं नीट जोडता आलं नाही म्हणून. आणि तो आवाज आबांचाच आहे का, हे मला ठाऊक नाही. तुम्हीच ओळखायचा.”

सुशीलाताई रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आक्कांनी नुसता हात हलवला, लाव म्हणून.

मी लावलं. भांडी वाजली, पोर रडलं, आणि आबा बोलले,

“अरे, तो फोटूवाला जेवना का रे? सकायपाईन उभा शे तो. कोनी इचारं का त्याले? त्याले पहिले बसाडा...”

आणि गाणं. सकाळपासून उभा आहे, जेवला का, कोणी विचारलं का, असं आबा ज्याच्याबद्दल म्हणत होते तो फोटोवाला मीच.

सुशीलाताईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मंदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आक्कांचा चेहरा मात्र हलला नाही. मान थोडी तिरकी, कान पडद्याकडे.

“आखो लाव,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा लावलं. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा लावलं. चौथ्या वेळी त्यांचे ओठ आबांच्या शब्दांबरोबर हलले. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर तळवा टेकला आणि ओळख पटल्यासारख्या म्हणाल्या, “त्याच शेतस. घसा बसेल शे त्यासना, मांडवमा वरडी वरडी.”

मग माझा आवाज जिथून आला होता तिकडे त्यांनी तोंड वळवलं.

“मंग, जेवना व्हता का तू, भाऊ?”

अकरा वर्षं, किती मांडव, किती पंक्ती. कुठल्या लग्नात जेवलो आणि कुठल्यात उपाशी परतलो हे मला आठवणं शक्य नव्हतं. आमच्या धंद्यात बहुतेक लग्नांत शेवटी उरलेलं मिळायचं, किंवा मिळायचंही नाही. पण तिथे चित्र तुटत होतं. ‘बसाडा’, म्हणजे बसवा, म्हटल्यावर लगेच. पुढच्या चित्रापर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या. तेवढा वेळ माझा कॅमेरा खाली ठेवलेला होता, आणि पंक्ती बसलेल्या असताना मी कॅमेरा खाली ठेवण्याचं दुसरं कारणच नाही.

“जेवलो आक्का,” मी म्हटलं. “आबांनी स्वतः बसवलं मला.”

“मंग बरं शे,” आक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच रडायला लागल्या.